सात प्रॉपेलर आणि एक शेरा

१२ सप्टेंबर १९६१, मंगळवार. अमरावती

ही वही आजपासून फक्त विमानासाठी. इतर रडगाणं इथे लिहायचं नाही.

डिसेंबरात अकोल्याला विज्ञान प्रदर्शन आहे. प्राचार्य म्हणाले, फिजिक्सवाल्यांनी या वर्षी काहीतरी हलणारं ठेवावं. गेल्या वर्षी आम्ही तक्ते ठेवले होते. लोक तक्त्यांपुढे उभे राहून शेंगा खात होते आणि टरफलं आमच्याच टेबलावर टाकत होते. अजून आठवलं की उबग येतो.

ठरवलं: विजेवर उडणारं विमान. मधे खांब. खांबाच्या डोक्यावरून दोन बारीक तारा विमानापर्यंत. तारांतून लॉरीच्या बॅटरीचा प्रवाह. नागपूरच्या लष्करी डिस्पोजलमधून आणलेली छोटी मोटर विमानाच्या नाकात, तिच्यावर प्रॉपेलर. विमान खांबाभोवती फिरत फिरत वर उचललं जाईल. दहा फेऱ्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर दहा म्हणालो. पाच म्हणायला हवं होतं का? नाही. दहा.

वय चव्वेचाळीस. वीस वर्षं गतिशास्त्र शिकवतो आहे. माझ्या हातून गती मिळालेली एकही वस्तू नाही. वाक्य खरं आहे म्हणून खोडत नाही.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सगळी मेख प्रॉपेलरमध्ये आहे. जड केला तर मोटर दमते. हलका करायचा तर पातं पातळ करावं लागतं, पातळ पातं हवेच्या दाबानं वाकतं आणि वाकलं की कामाचं राहत नाही. वजन आणि ताठपणा. दोनच गोष्टी. तिसरी नाही. (खाली रेघ मारली.)

संध्याकाळी राजापेठेत पुंजाजी सुताराकडे गेलो. जुवं, वखर, बैलांच्या बंड्या करणारा माणूस. पोळा होऊन गेला, हात रिकामे. त्याला समजावलं: आठ इंच लांब, मधोमध भोक, दोन्हीकडे एकेक पातं. दोन्ही बाजू अगदी जोडीच्या, मधे आरसा उभा केला तर अर्ध्यात अख्खा दिसावा. कागदावर एकच बाजू काढली, कागद मधे दुमडला आणि दुसरी बाजू टाचणीनं टोचून उमटवली. पात्याची कुठली कड उंच ठेवायची ती खूणही टाचणीनंच पलीकडे उतरली. फार सुबक काम झालं.

पुंजाजी म्हणाला, "म्हंजे जुवावानी म्हणा नं, मास्तर."

म्हटलं, अगदी जुवासारखं. कारागिराला त्याच्याच भाषेत समजावण्याची हातोटी सगळ्या प्रोफेसरांजवळ नसते.

२३ सप्टेंबर, शनिवार

प्रॉपेलर नंबर एक. सागवान. पुंजाजी सागाशिवाय दुसरं लाकूड हातात धरत नाही, म्हणे हात नाराज होतात.

लॅबचा बारीक तराजू दुरुस्तीला गेलेला (सात महिने झाले), म्हणून गोवर्धन सराफाच्या काट्यावर तोलला. दीड तोळा. मी साडेसतरा ग्रॅम लिहून घेतले. सरकारनं ग्रॅम आणले तरी गोवर्धन अजून मासा आणि गुंजेतच बोलतो. त्यानं प्रॉपेलर उलटसुलट करून विचारलं, "याले सोन्याचं पाणी द्यायचं हाय काय, सर?" दुकानातल्या दोन बायका हसल्या. मी हसलो नाही.

लॅबमध्ये देवमननं बॅटरी जोडली. विमान हिवताप आल्यासारखं थडथडलं. नाक खालीवर हाणत राहिलं, शाईची दौत कलंडली, माझा पायजमा निळा झाला. पुढे मात्र एक इंच सरकलं नाही.

निष्कर्ष: वजन जास्त.

देवमनबद्दल इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे माझ्याकडून अन्याय व्हायला नको. आमचा लॅब अटेंडंट. तिवस्याचा. वय बत्तीस. इंटर सायन्सपर्यंत शिकलेला. नऊ वर्षं टेम्पररी. जानेवारीत लॅब असिस्टंटची पर्मनंट जागा भरायची आहे. माझा रिपोर्ट चांगला गेला तर ती त्याची. नाही तर बाहेरचा माणूस येईल आणि देवमनची आहे ती जागाही जाईल. म्हातारी आई त्याच्याच आधारावर आहे. या बाबतीत मी अत्यंत काटेकोर राहणार. माणूस कोणत्या समाजाचा आहे हे मी पाहत नाही. हे वाक्य मला दर वेळी लिहावंसं का वाटतं, ते एकदा तपासलं पाहिजे.

२ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी असून लॅबमध्ये गेलो. नंबर दोन. सावरीचं लाकूड, सात मासे, म्हणजे नंबर एकच्या निम्म्याहून कमी. पुंजाजीनं ते दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखं माझ्यापुढे केलं. म्हणाला, "हे लाकूड नोहे मास्तर, हे तं वाळेल भाकर हाय."

थडथड तीच. जागाही तीच.

निष्कर्ष: ताठपणा कमी. आता ताठपणा मोजायची पद्धत बसवली आहे. पात्याचं बूड शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळायचं, टोकाला चिंधीची पुरचुंडी बांधायची, पुरचुंडीत एकेक गुंज टाकायची आणि टोक किती झुकतं ते लॅबच्या मायक्रोस्कोपनं वाचायचं. वीस गुंजांना सागवान अर्धा मिलिमीटर झुकतं, सावर सव्वातीन. अशी पद्धत या भागात आजवर कुणी बसवली नसेल. वाईट एवढंच वाटतं की हे कळणारा माणूसही या भागात नाही.

११ ऑक्टोबर, बुधवार

देवमननं आज मला न विचारता एक उपद्व्याप केला. पुढे उदबत्ती धरून त्यानं प्रॉपेलर हातानं हळूहळू फिरवला. मग मला बोलावून दाखवलं. "पहा नं सर, हे पातं गेलं की धूर मागं जाते. हे दुसरं गेलं की पुढं येते. मले तं दोघायचा तिढा उलटा वाटून राहिला."

मी शांतपणे सांगितलं की हातानं फिरवलेल्या पंख्यावरून मोटरच्या पंख्याबद्दल बोलता येत नाही. थिअरीशिवाय केलेलं निरीक्षण म्हणजे नुसती करमणूक. तो "बरं सर" म्हणाला. उदबत्ती विझवून खिशात ठेवली. लॅबला दिवसभर देवळाचा वास येत होता. सुगंधसुद्धा चुकीच्या जागी आला की किळसवाणाच वाटतो.

त्याचं मन राखायला त्याच्या म्हणण्याची नोंद इथे केली आहे. पाहायला हवं होतं का? पाहिलं. धूर धुरासारखाच होता.

२० ऑक्टोबर, शुक्रवार

दसरा आटोपला. नंबर तीन (सालईचं लाकूड, दहा मासे) आणि नंबर चार (सागवान तासून पातळ केलेलं, वर जवसाचं तेल). दोन्ही नापास. चार नंबरनं तर अशी थडथड केली की विमानाच्या शेपटीचा सांधा सुटला.

सांध्यासाठी घरी स्टोव्हवर सरस शिजवला. सरसाचा वास म्हणजे जनावराचा शेवटचा सूड आहे. तो वास वरणात आला, उशीत आला, धोबी कपडे घेताना तोंड फिरवून उभा राहिला. सौ. म्हणाली, "घरात चार जुवं झाले. आता बैल तेवढे आणा म्हणते मी, अन् शेतीच करा."

तिला वजन आणि ताठपणा समजावून सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "अन् ते उडन कवा?"

निश्चय: घरात या विषयावर बोलायचं नाही.

१३ नोव्हेंबर, सोमवार

कापसाचा हंगाम. जिनिंगबाहेर बंड्यांच्या रांगा लागल्या आहेत आणि ज्याचा आरा मोडतो तो पुंजाजीकडे धावतो. मी चार दिवस त्याच्या दारात उभा. सरकीचा धुरळा नाकात, बैलांचं शेण पायात. माझ्याआधी आलेले, माझ्यानंतर आलेले, सगळे पुढे गेले. मी म्हटलं, पुंजाजी, हे कॉलेजचं काम आहे. तो रंध्यावरून मान न उचलता म्हणाला, "बंडी नाई चालली तं घर नाई चालत मास्तर. तुमचं इमान नाई चाललं तं काय रायते?"

उत्तर घरी आल्यावर सुचलं. फार चांगलं होतं, पण इथे लिहून काय उपयोग?

नंबर पाच आणि सहा अखेर मिळाले. थडथड.

२७ नोव्हेंबर, सोमवार

आज शांत डोक्यानं विचार केला. सहा प्रॉपेलरची वजनं, झुकाव, तोल, सगळं एका तक्त्यात मांडलं. तक्ता देखणा झाला आहे. हलके, जड, ताठ, लवचीक, सगळ्या प्रकारचे झाले आणि परिणाम मात्र एकच. म्हणजे दोष प्रॉपेलरमध्ये असूच शकत नाही. बॅटरी नवी. मोटर लष्करी. उरलं काय? जोडणी. मोटर कुणी बसवली? देवमननं.

निष्कर्ष कटू आहे. भित्र्या माणसानं तो काढला नसता. मी काढला.

त्याला विचारलं, मोटर सरळ बसली आहे याची खात्री आहे का? त्यानं ओळंबा लावून दाखवली. सरळ होती. पण आज सरळ आहे म्हणजे त्या दिवशी होती असं सिद्ध होत नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

गोपनीय रिपोर्ट उद्यापर्यंत द्यायचा आहे. दुपारभर टेबलाशी बसलो. स्वतःला विचारलं: तुझ्या मनात राग आहे का? नाही. आकस? नाही. मग फक्त सत्य लिही. तक्त्याच्या कागदाची मागची बाजू कोरी होती. कॉलेजचा कागद वाया घालवणं मला पटत नाही, म्हणून मसुदा तिथेच केला:

"माणूस प्रामाणिक व कष्टाळू आहे. तथापि सूक्ष्म कामात अचूकतेचा अभाव. पर्मनंट जागेसाठी शिफारस करता येत नाही."

"तथापि" तीन वेळा खोडलं, तीन वेळा परत घातलं. एवढी तळमळ सहसा कुणी करत नाही. मग कोऱ्या कागदावर चांगल्या अक्षरात उतरवून, पाकिटात घालून, लाखेनं बंद करून प्राचार्यांच्या टेबलावर स्वतः ठेवलं. गुप्तता म्हणजे गुप्तता.

७ डिसेंबर, गुरुवार

काल सहा तारीख, देवमन रजेवर होता. आज आल्याबरोबर प्रदर्शनासाठी तक्ता मोठ्या कागदावर उतरवायला दिला. त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे. चार वाजता आणून दिला. एकही आकडा चुकलेला नाही. मूळ कागद मागितला तर म्हणाला, "हाय माह्याजवळ. देतो सर."

एवढं म्हणून पाठ फिरवून निघून गेला. शिवाय कागद जागच्या जागी परत न देणं. शेऱ्यात हेही घालायला हवं होतं.

१५ डिसेंबर, शुक्रवार. अकोला

एस.टी.नं आलो. बॅटरीतलं ॲसिड सांडून माझ्या एकमेव कोटाला भोकं पडली. शेजारच्या गृहस्थानं आंब्याच्या लोणच्याची बरणी माझ्या विमानाच्या पंखावर टेकवली आणि मूर्तिजापूरपर्यंत काढली नाही. माणसं अशी का असतात, याला काही नियम असेल का?

बरोबर नंबर सात आहे. साग आणि बांबू एकावर एक चिकटवून केलेला. अकरा मासे. वीस गुंजांना फक्त पाऊण मिलिमीटर. वजन आणि ताठपणा यांचा इतका सुंदर मेळ मी पाहिलेला नाही. उद्या दहा फेऱ्या नक्की. बारा होऊ नयेत एवढीच काळजी. तारा मोजक्या आहेत.

१६ डिसेंबर, शनिवार. अकोला

जे झालं ते तसंच लिहितो.

गर्दी चांगली होती. प्राचार्य, परीक्षक म्हणून आलेले वीज खात्याचे इंजिनिअर, शाळांच्या रांगा. मी वजन आणि ताठपणा यांवर पंधरा मिनिटं बोललो. बटण दाबलं. विमान थडथडलं. थडथडत थडथडत स्वतःभोवतीच जरा वळलं आणि खांबाकडे पाहत उभं राहिलं.

पुढे अंजनगाव सुर्जीचा एक शेतकरी होता, खुशालराव म्हणून. पागोट्यावर हात ठेवून तो बराच वेळ प्रॉपेलर निरखत होता. मोठ्यानं म्हणाला, "अरे, हे तं जू होय! एक बैल नागपुराकडं ओढून रायला, दुसरा मुंबईकडं. बंडी अकोल्यातच राहीन नाई तं काय?"

सगळा मांडव हसला. इंजिनिअर हसले. प्राचार्य रुमालानं तोंड पुसत होते. तोंड ओलं नव्हतं.

मग देवमन पिशवी घेऊन पुढे आला. पिशवीतून वनस्पती तुपाच्या डब्याच्या पत्र्याचा एक प्रॉपेलर काढला. कात्रीनं कापलेला. एका पात्यावर डब्यावर छापलेल्या खजुराच्या झाडाचा अर्धा शेंडा अजून हिरवा दिसत होता. म्हणाला, "सर, लावू काय?"

मी म्हटलं, नाही. तो तोललेला नाही. बोटानं दाबलं तर वाकतो. त्याचा झुकाव कुणी वाचलेला नाही.

त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. प्राचार्य म्हणाले, "लावू द्या हो, सहदेवराव. यापेक्षा काय वाईट होणार आहे?"

त्यानं लावला. बटण मीच दाबलं, कारण बटणाची जबाबदारी माझी होती.

विमान गेलं. आधी जमिनीला घासत, मग गुडघाभर, मग छातीइतकं उंच. त्याला पाहायला वळलेल्या लोकांच्या माना खांबाभोवती फिरत होत्या. मी मोजत होतो. अकरा फेऱ्या झाल्यावर बॅटरी दमली आणि ते गवतावर अलगद बसलं. मी दहा म्हणालो होतो. म्हणजे अंदाज अवघ्या एका फेरीनं चुकला.

टाळ्या कुणासाठी होत्या ते स्पष्ट झालं नाही. इंजिनिअर देवमनशी अर्धा तास बोलत होते. मी तारा गुंडाळल्या.

१९ डिसेंबर, मंगळवार. अमरावती

पेपरभर गोवा. तिथे विमानं उडाली.

वहीत चौदा सप्टेंबरचं पान उघडलं. "मधे आरसा उभा केला तर अर्ध्यात अख्खा दिसावा." माझंच अक्षर. आरशातली दोन पाती म्हणजे एक वारा मागे टाकणार, दुसरं पुढे. कागद दुमडायला नको होता. टाचणीभोवती अर्धा फिरवायला हवा होता. अकरावीच्या पोरालाही कळेल. ही तिसरी गोष्ट.

तरीही पुंजाजीला जाब विचारायला गेलो. इतकी वर्षं लाकूड कापतो आहेस, तुला कळलं नाही? त्यानं खिळ्याला अडकवलेला माझा दुमडलेला कागद काढून दाखवला. म्हणाला, "म्या पयल्याच दिशी म्हटलं, जू होय. तुमी म्हणले, अगदी. आता प्रोफेसर अगदी म्हणते म्हटल्यावर आमी काय बोलावं?"

स्वतःचीच किळस आली. वासापेक्षा वाईट, कारण खिडकी उघडून जात नाही.

निश्चय: उद्या सकाळी प्राचार्यांना भेटून शेरा परत घ्यायचा. देवमनची जागा वाचलीच पाहिजे.

२० डिसेंबर, बुधवार

प्राचार्यांकडे माणसं बसली होती. अशा गोष्टी चारचौघांत बोलणं देवमनलाच न्याय देणारं नव्हतं.

२२ डिसेंबर, शुक्रवार

तोंडी बोलण्यापेक्षा लेखी बरं. पत्राचा मसुदा केला. "माझ्या पूर्वीच्या शेऱ्यात काही अंशी..." "काही अंशी" की "बऱ्याच अंशी"? पूर्ण अंशी म्हटलं तर माझ्या बाकीच्या वीस वर्षांच्या रिपोर्टांवर प्रश्न येतो. शब्द घाईनं वापरू नयेत. उद्यापासून नाताळची सुट्टी. कॉलेज उघडल्याबरोबर.

२८ डिसेंबर, गुरुवार

पत्राचा पाचवा मसुदा. आता फक्त एक विशेषण उरलं आहे.

३० डिसेंबर, शनिवार

देवमन घरी आला होता. हातात पेढे. अकोल्याला वीज खात्याच्या वर्कशॉपमध्ये पर्मनंट जागा मिळाली, एक तारखेला हजर व्हायचं. त्या इंजिनिअरनीच बोलावून घेतलं. आईलाही नेणार. सौ.नं त्याला चहा दिला, आईची चौकशी केली, अकोल्यात थंडी कमी असते असं सांगितलं. मी पेढा हातात धरून बसलो होतो. तो मऊ होत गेला.

मी म्हटलं, देवमन, मी तुझ्याबद्दल प्राचार्यांना एक पत्र लिहितो आहे.

"माहीत हाय सर," म्हणाला. मग खिशातून चार घड्या केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. तक्त्याचा मूळ कागद. "हा तुमचा परत द्याचा राहून गेल्ता. समोरचं सारं उतरवलं होतं म्या. मागचं नाई उतरवलं. म्हटलं, ते तुमच्याच अक्षरात राहू द्या."

सात तारखेला उतरवलं. सोळा तारखेला पिशवीत पत्र्याचा प्रॉपेलर घेऊन आला.

जाताना तो प्रॉपेलर सौ.जवळ देऊन गेला. दाराशी वाकून नमस्कार केला. मला नको म्हणायचं होतं, तोवर तो फाटकाबाहेर होता.

सौ. म्हणाली, "भला माणूस. तुमी त्याच्यासाठी कॉलेजात काही लिहिलं होतं नं?"

म्हटलं, लिहिलं होतं.

४ जानेवारी १९६२, गुरुवार

देवमनचा पत्र्याचा प्रॉपेलर, म्हणजे नंबर आठ, गोवर्धनकडे तोलला. एक तोळा, चार मासे, दोन गुंजा. एक पातं दुसऱ्यापेक्षा जड. ताठपणा जवळजवळ नाहीच. तक्त्यात कुठेच बसत नाही. तशी नोंद केली.

दुपारी प्राचार्यांच्या ऑफिसातून माझं पाकीट परत आलं. वर लाल शाईत: "संबंधित इसम नोकरी सोडून गेल्याने आवश्यकता नाही." लाख शाबूत होती. कुणी उघडलंच नव्हतं.

म्हणजे एवढ्या तळमळीनं लिहिलेला तो शेरा आजवर एकाच माणसानं वाचला.

पाकीट फोडून मीही वाचला. अक्षर चांगलं आलं आहे.